‘नोवातोर’ आणि आपला ‘खटपट्या’

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर नारायणगडाच्या परिसरात भरले होते. नगद नारायण महाराजांचा हा गड. आमच्या भागात त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. शिबिरात आम्हा विद्यार्थ्यांच्या हाती एक छापील तक्ता देण्यात आला. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर घरोघर जाऊन तो भरावयाचा होता. घरात माणसे किती, जमीन किती, विहिरीला पाणी कोठवर टिकते, ऊसतोडीला किती जण जातात, असे विचारता विचारता शेवटच्या पानावर एक रकाना आला : ‘गावातील नवप्रवर्तकांची नावे’.

योगायोगाने आमची वस्तीही माझ्याच वाट्याला आली होती. पारावर पाच-सहा वडीलधारी मंडळी बसली होती. मी तक्त्यात होते तसेच वाचून दाखवले. त्यांच्यातले सर्वांत वयस्कर आबा कानाशी हात नेऊन म्हणाले, “कोन म्हनलास रं?”

“नवप्रवर्तक, आबा.”

“म्हंजी परवचन करनारे बुवा का? ते सप्त्यात येतेत गडावर. आपल्या वस्तीत असलं कुनी नाय बा.”

दुसऱ्या वस्तीवर हेच उत्तर मिळाले, तिसरीवरही हेच. सगळ्या तक्त्यांत तो रकाना कोरा राहिला. शेवटी कंटाळून मी पुन्हा पारावर आलो आणि आबांना सहज विचारले, “बरं आबा, आपल्या वस्तीत खटपट्या कोण?” एकदम हशा पिकला. कोणी म्हणाला, तो अमका, ज्यानं पाखरं हाकायला जुन्या पंख्याच्या पात्याला डबा बांधून वाऱ्यावर वाजणारं यंत्र केलं. कोणी म्हणाला, तो तमका, ज्यानं मोटारसायकलच्या मागं फवाऱ्याची टाकी बसवली. एका दमात चार-पाच नावे निघाली. आबा शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, “आन् तुझा चुलता की! इचारतोस काय?”

म्हणजे माणसे होती. शब्दच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. प्रस्तुत लेख या शब्दाविषयी आहे.

त्याच सुमारास भाषाविज्ञानाच्या तासाला सर इंडो-युरोपीय भाषाकुळातील नाती समजावून सांगत होते. त्यांनी फळ्यावर ‘नव’ हा संस्कृत शब्द लिहिला आणि त्याच्या शेजारी त्याची भावंडे मांडली. लॅटिनमध्ये ‘नोवुस’, इंग्रजीत ‘न्यू’, पोलिश भाषेत ‘नोव्ही’. हजारो कोसांवरच्या या भाषा, पण रक्त एक. मग त्यांनी ‘नोवातोर’ असा आणखी एक पोलिश शब्द लिहून त्याखाली रेघ ओढली आणि विचारले, “याला मराठीत काय म्हणाल?” वर्गातून कोणी ‘संशोधक’ म्हणाले, कोणी ‘शास्त्रज्ञ’. मागच्या बाकावरून ‘इंजिनिअर’ असा आवाज आला. सरांनी प्रत्येक वेळी मान हलवली, आणि घंटा झाली. माझ्या डोक्यात मात्र त्या कोऱ्या रकान्याची आणि या शब्दाची गाठ पडली.

पोलिश भाषेशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण पोलंड हा देश महाराष्ट्राला तितकासा परका नाही. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहत होते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. पोलिश बोलणारी मुले पंचगंगेच्या खोऱ्यात लहानाची मोठी झाली. तेव्हा ‘नोव्ही’ आणि ‘नवा’ हे दोन चुलतभाऊ एकमेकांना कधीकाळी कोल्हापूरच्या बाजारात भेटले असतील, असे म्हणावयास हरकत नाही.

भाऊबंदकी पुढेही दिसते. पोलिशमध्ये ‘नोविना’ म्हणजे बातमी. आपणही भेटल्यावर “काय नवीन?” असे विचारतो तेव्हा बातमीच मागत असतो. हंगामाच्या आरंभी येणाऱ्या पहिल्या कोवळ्या भाज्यांना तिकडे ‘नोवालिय्की’ म्हणतात. आपल्याकडे नव्याची पुनव असते. नवे धान्य घरात आले की ते आधी देवापुढे ठेवायचे आणि मग तोंडात घालायचे. नव्याचे कौतुक दोन्हीकडे आहे, आणि ते शेताशी बांधलेले आहे, हे मला फार आवडले.

आता ‘नोवातोर’चा अर्थ पाहू. हा शब्द पोलिशचा स्वतःचा नव्हे, तो लॅटिनमधून आला. आपल्या क्षेत्रात काहीतरी नवे आणणारा, नवी पद्धत रुळवणारा माणूस, असा त्याचा साधा अर्थ. पण एखाद्या शब्दाचा अर्थ नुसत्या व्याख्येने कळत नाही. शेजारी कोणते शब्द आहेत आणि कुंपण कोठे आहे हे पाहावे लागते. पोलिशमध्ये त्याच्या शेजारी आणखी दोन शब्द आहेत. आधीपासून असलेले पण झाकलेले जो उघडे करून दाखवतो तो ‘ओत्क्रिफ्त्सा’. नव्हते ते जो घडवतो तो ‘विनालास्त्सा’. आणि जो नवे आणून चालते करतो तो ‘नोवातोर’.

तीन पोलिश माणसे घेतली की हा फरक स्वच्छ दिसतो. मारी क्यूरी यांनी १८९८ मध्ये पतीसह एक नवे मूलद्रव्य ओळखले आणि आपल्या मायभूमीच्या नावावरून त्याला ‘पोलोनियम’ नाव दिले. ते मूलद्रव्य निसर्गात होतेच, त्यांनी ते उजेडात आणले. हा पहिला प्रकार. इग्नात्सी वुकासिएविच या औषधविक्रेत्याने १८५३ मध्ये रॉकेलचा दिवा तयार केला. तो दिवा निसर्गात कोठेही पडलेला नव्हता, तो त्यांनी घडवला. हा दुसरा प्रकार. (आमच्या घरी वीज गेल्यावर आजी कंदिलाची काच राखेने पुसते, तेव्हा या पोलिश गृहस्थाचे आपल्यावर केवढे ऋण आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते.) तिसरे येर्झी ग्रोटोवस्की, १९३३ ते १९९९ या काळात होऊन गेलेले नाट्यदिग्दर्शक. त्यांनी नाटकाचा शोध लावला नाही आणि नटाचाही नाही. नेपथ्य, रंगभूषा, दिव्यांची आरास हे सारे बाजूला सारून नट आणि प्रेक्षक एवढ्यावरच नाटक उभे राहते, हे त्यांनी करून दाखवले. आपल्याकडील नाट्यअभ्यासक त्यांना ‘दरिद्री रंगभूमी’मुळे ओळखतात. असा माणूस म्हणजे ‘नोवातोर’.

आता हीच तीन वाक्ये मराठीत म्हणून पाहा. क्यूरीबाईंनी पोलोनियमचा शोध लावला. वुकासिएविचने दिव्याचा शोध लावला. येथवर ठीक. ग्रोटोवस्कीने कशाचा शोध लावला? वाक्य अडते. आणि पुढे गंमत पाहा : आमचा बैल सुटून गेला तर आम्ही त्याचाही ‘शोध’च घेतो, आणि विद्यार्थी ग्रंथालयात बसून करतो तेही ‘संशोधन’च. हरवलेले, झाकलेले आणि नसलेले, तिन्हींना मराठीने एकाच दावणीला बांधले आहे. ‘शोध’ हा शब्द गुणी आहे, पण त्याच्यावर ओझे फार झाले. जे काम शोधाच्या व्याख्येत बसत नाही, ते करणाऱ्या माणसाला मग नावच उरत नाही. वर्गात आम्ही ‘संशोधक’ म्हणालो ते यामुळेच.

हा प्रश्न केवळ कोशातला नाही. महाराष्ट्रातच दोन मोठी माणसे अशी आहेत की त्यांच्यासाठी नेमका शब्द सापडत नाही.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ चा त्यांचा जन्म. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते लोखंडी नांगरापर्यंत आले. लोखंडी नांगर त्यांनी निर्माण केला असे म्हणता येणार नाही, कारण परदेशी नांगर आधीपासून होते. आपल्या मातीला, आपल्या बैलांना आणि आपल्या शेतकऱ्याच्या खिशाला झेपेल असा नांगर येथे घडवून तो लोकांच्या हाती देणे, हे त्यांचे काम. आणि ते सोपे नव्हते. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या दोन वर्षांत लोक त्यांना काय म्हणत असतील? खात्रीने ‘उद्योगपती’ म्हणत नसतील! १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, कारखाना चालला, आणि मग सन्मानाची विशेषणे आली. मला वाटते, ज्या दोन वर्षांत नांगर खपत नव्हता त्या दोन वर्षांतल्या लक्ष्मणरावांसाठी आपल्याकडे चांगला शब्द हवा.

दुसरे दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याचे ते रहिवासी. (मराठवाड्यातील नांदेड निराळे.) शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड-दोन एकर. १९८३ मध्ये आपल्या धानाच्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर इतर धानाबरोबर त्याही कापून, झोडून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढल्या वर्षी निराळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. असे काही हंगाम केल्यावर बारीक दाण्याचे, चांगल्या उताऱ्याचे एक वाण हाती आले. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची मोठी चलती होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडले. आज पुण्यामुंबईच्या दुकानांत ‘एचएमटी’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यामागे कोण आहे याची कल्पना नसते. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी दादाजी वारले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘धान संशोधक’ म्हटले, ‘एचएमटीचे जनक’ म्हटले. आदर होता, पण शब्द उसने होते. संशोधक म्हटले की प्रयोगशाळा, पदवी आणि प्रबंध मागितला जातो, आणि तिसरी शिकलेला शेतकरी त्या कसोटीला उतरत नाही. त्याने वेगळे काय ते पाहिले, निवडले, रुजवले आणि दुसऱ्यांना दिले. पोलिश माणसाला येथे अडखळावे लागणार नाही. तो ‘शेतीतला नोवातोर’ म्हणेल आणि पुढे बोलू लागेल.

अर्थात तिकडेही हा शब्द नेहमीच मानाचा होता असे नव्हे. लॅटिन मुळातील ‘इन्नोवारे’ या क्रियापदाचा अर्थ जुन्याला पुन्हा नवे करणे, असा होता. पण युरोपात धर्मसुधारणेचे वादळ उठले तेव्हा असा बदल करणारा म्हणजे धर्म बिघडवणारा, असा त्याला वास येऊ लागला. इंग्लंडच्या सहाव्या एडवर्ड राजाच्या नावाने १५४८ मध्ये, धर्मविधींत आपल्या मनाने नवे बदल करणाऱ्यांविरुद्ध चक्क जाहीरनामा निघाला. फ्रान्सिस बेकनने १६२५ मध्ये या विषयावर निबंध लिहिला, त्यातही नव्याकडे थोडे सावधपणेच पाहिले आहे. आज ज्या शब्दासाठी बक्षिसे देतात, तो कधीकाळी आरोपपत्रात शोभणारा शब्द होता.

आपल्याकडे हाच अनुभव ‘सुधारक’ या शब्दाला आला. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे नाव आपल्या पत्राला दिले तेव्हा त्यामागे केवढे धैर्य होते, हे आज शाळेच्या पुस्तकात त्यांचे चित्र पाहून कळत नाही. त्या काळी ‘मोठा सुधारक लागून गेला’ हे वाक्य शिवीसारखे फेकले जाई. आमच्या वस्तीवर ते आजही तसेच फेकले जाते! ‘नव्याचे नऊ दिवस’, ‘जुने ते सोने’ अशा म्हणी ज्या भाषेत पिकल्या, तिने नव्याला एकदम पाट मांडावा ही अपेक्षाच चुकीची. पण त्याच भाषेने ‘नव’वरून ‘नवल’ आणि ‘नवलाई’ हेही शब्द घडवले, हे विसरता कामा नये. आपल्याला नव्याचे नवल वाटते आणि भीतीही वाटते.

पोलंडमध्ये साम्यवादी राजवटीत कारखान्यातील कामगाराने यंत्रात किंवा कामाच्या पद्धतीत बारीकशी सुधारणा सुचवली तर त्याला ‘रात्सयोनालिझातोर’ असे लांबलचक नाव मिळे. १९८९ नंतर राजवट गेली आणि तो शब्दही मागे पडला. अलीकडे व्यापारउदिमाच्या भाषेत ‘इन्नोवातोर’ पुढे आला आहे. ‘नोवातोर’ मात्र कला, विज्ञान, शिक्षण अशा सर्व ठिकाणी टिकून आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूपही आहे : ‘नोवातोर्का’. या रूपाकडे मी नंतर येणार आहे.

मराठीने या जागेसाठी शब्द घडवले नाहीत असे मात्र नाही. उलट इतके घडवले की कोणता उचलावा हा प्रश्न पडतो. आमच्या तक्त्यातला ‘नवप्रवर्तक’ त्यांपैकीच. २००० साली गुजरातेत स्थापन झालेल्या आणि देशभरातील खेड्यापाड्यांतील कल्पक माणसांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या नावातही तो आहे. शब्द म्हणून तो बरोबर आहे. नवे प्रवर्तित करणारा, म्हणजे सुरू करून चालवणारा. ‘नोवातोर’च्या सर्वांत जवळ तोच जातो, हे मी मान्य करतो. दोष एवढाच की तोंडात घालताच दात अडकतात, आणि आबांना त्यातून प्रवचनकार ऐकू येतो.

‘नवोन्मेष’ हा त्याहून देखणा. उन्मेष म्हणजे डोळा उघडणे, उमलणे. संस्कृत काव्यशास्त्रात भट्टतौताच्या नावावर असलेल्या प्रतिभेच्या व्याख्येत हा शब्द येतो, असे आम्ही साहित्यशास्त्राच्या तासाला शिकलो. कवीला तो शोभतो. पण जुन्या पंख्याला डबा बांधणाऱ्या माणसाला ‘नवोन्मेषक’ म्हणणे म्हणजे त्याला भरजरी फेटा बांधून नांगराला जुंपणे होय. ‘नवोपक्रम’ शिक्षकांच्या स्पर्धांमुळे शाळांत चांगला रुळला आहे. मात्र तो कामाचे नाव सांगतो, माणसाचे नाही.

आणि ‘नाविन्यता’! याविषयी थोडे रागाने लिहितो, प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी. ‘सुंदर’पासून ‘सौंदर्य’ होते, ‘प्रवीण’पासून ‘प्रावीण्य’ होते, तसे ‘नवीन’पासून ‘नावीन्य’. भाववाचक नाम येथे पुरे झाले. त्याला पुन्हा ‘ता’ लावणे म्हणजे ‘सौंदर्यता’ म्हणण्यासारखे आहे, टोपीवर टोपी. शिवाय ‘वी’ दीर्घ असताना ती ऱ्हस्व करावयाची, ही आणखी एक चूक. तरीही शासनाच्या एका विभागाच्या नावात आणि राज्याच्या एका सोसायटीच्या नावात हा शब्द ‘नाविन्यता’ असाच जाऊन बसला आहे. परीक्षेत आम्ही असे लिहिले तर अर्धा गुण जातो.

घडवलेला शब्द रुळतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. सावरकरांनी सुचवलेला ‘महापौर’ आज रिक्षावालाही सहज बोलतो. पण महापौर डोळ्यांसमोर असतो, त्याची गाडी असते, निवडणूक असते. नवप्रवर्तकाची गाडी कोठे असते?

म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. लोकांच्या तोंडी या माणसासाठी कोणते शब्द आहेत ते टिपून काढले. वहीची दोन पाने भरली. हुन्नरी, कसबी, हिकमती, करामती, कल्पक, युक्तिबाज, डोकेबाज, खटपट्या, उपद्व्यापी, उचापतखोर, आणि हिंदीच्या वाटेने अलीकडे आलेला जुगाडू. इतकी संपत्ती असताना भाषेला दरिद्री कोण म्हणेल? त्यात फारसी-अरबीचा वाटा मोठा आहे. हुन्नर, कसब, हिकमत, करामत हे चारही तिकडून आले. यांतला ‘हिकमत’ मुळात शहाणपण सांगतो आणि ‘करामत’ मुळात साधुपुरुषाचा चमत्कार. आपण त्यांना हाताच्या कामाला लावले.

पण नीट ऐकल्यावर या शब्दांत मला एक गंमत दिसली. त्यांची वाटणी कामाच्या प्रकारावरून झालेली नाही, ती निकालावरून झाली आहे. यंत्र चालले की माणूस ‘हुन्नरी’ आणि ‘कल्पक’. चालेपर्यंत तोच माणूस ‘खटपट्या’. बिघडले आणि शेजाऱ्याचे नुकसान झाले की ‘उपद्व्यापी’. एकाच माणसाला एका हंगामात तिन्ही शब्द लागू होताना मी पाहिले आहेत. यांत मला ‘खटपट्या’ सर्वांत खरा वाटतो, कारण काम चालू असतानाचा माणूस त्यात पकडला गेला आहे. ‘खटपट’ हा ध्वनीवरून झालेला शब्द. त्यात हातोडी ऐकू येते.

माझ्या चुलत्यांचेच पाहा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बैलजोडी विकली त्या वर्षी कपाशीत गवत माजले. कोळपे होते, पण ओढणार कोण? अण्णांनी भंगारातून जुनी सायकल आणली. तिचे पुढचे चाक आणि दांडी ठेवली, मागे कोळप्याची पास बसवली आणि ते ढकलीत दोन ओळींमधून चालू लागले. पहिल्या दिवशी पास जमिनीत रुतली आणि अण्णा दांडीवरून पुढे पडले. बांधावर बसलेल्यांना आठ दिवस पुरेल इतकी करमणूक झाली. मग त्यांनी दांडीची उंची वाढवली, पासेचा कोन बदलला, रुंद पास काढून अरुंद लावली. दुसऱ्या आठवड्यात हसणाऱ्यांपैकीच एक जण ते कोळपे एका दिवसासाठी मागायला आला.

अण्णांनी याचा शोध लावला काय? मुळीच नाही. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या भागांपासून बनवलेले कोळपे ‘कृषिराजा’ या नावाने प्रसिद्ध आहे, आणि नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडे त्याची नोंदही आहे. असली सायकल-कोळपी मराठवाड्यात ठिकठिकाणी दिसतात. अण्णांनीही कोणत्या तरी बाजारात असे काही पाहिलेच असणार. ‘संशोधक’ हा शब्द अण्णांना लावला तर खोटे होईल. पण आमच्या वस्तीत बैलाविना कोळपणी होऊ शकते, हे त्यांच्यामुळे सुरू झाले. कोठेतरी असलेले येथे आणणे, येथल्या मातीला बसेल असे वाकवणे आणि लोक हसत असताना ते चालवणे, हे पोलिश शब्दात मावते. जुने कोळपे आणि जुनी सायकल यांतून नवे काही. लॅटिन क्रियापदाचा ‘जुन्याला पुन्हा नवे करणे’ हा मूळ अर्थही त्यात शब्दशः आहे.

आता त्या स्त्रीलिंगी रूपाकडे. पारावर जी नावे निघाली ती सगळी पुरुषांची. मी विचारले, “आणि बायकांत?” मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. वास्तविक आमच्याच वस्तीतल्या एका मावशींनी खताच्या रिकाम्या पोत्याची ओटी शिवली आहे. कापूस वेचताना भार मानेवर न येता कमरेवर येतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि खालची नाडी सोडली की कापूस आपोआप गाठोड्यात पडतो. वेचणीच्या दिवसांत दहा-बारा बायका तसलीच ओटी बांधून जाताना मी पाहिल्या आहेत. मी ते सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, “ते व्हय? ते बायकांचं शिवणटिपण.” म्हणजे पुरुषाने केले तर निदान चेष्टेचा तरी शब्द मिळतो, बाईने केले तर तेवढाही नाही. ‘खटपट्या’चे स्त्रीलिंग करून पाहा. ‘खटपटी बाई’ म्हटले की चुलीपासून चावडीपर्यंत भलताच अर्थ निघतो. पोलिश भाषेला ‘नोवातोर्का’ म्हणताना असा संकोच होत नाही. तिकडे बायकांना सगळा न्याय मिळतो असे मी म्हणत नाही, पण निदान शब्द तयार ठेवलेला आहे.

मी त्या मावशींकडे गेलो आणि त्यांचे नाव तक्त्यात लिहिण्याची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, “कशाला रं बाबा? सरकार पोतं परत मागंल.” मी पुष्कळ समजावले तेव्हा कोठे हो म्हणाल्या.

तक्ता परत करताना मी शेवटच्या पानावर सहा नावे लिहिली : पाच पुरुषांची, एक मावशींची. रकान्याच्या मथळ्यातील ‘नवप्रवर्तक’ हा छापील शब्द तसाच ठेवून त्याखाली पेन्सिलीने ‘म्हणजे खटपटी माणसे’ असे लिहिले. आमचे कार्यक्रम अधिकारी सर ते वाचून हसले आणि म्हणाले की पुढच्या वर्षीच्या तक्त्यात हे छापून घेऊ. घेतात की नाही ते पुढच्या शिबिरात कळेल.

त्या रात्री मी अण्णांना सांगितले, “अण्णा, तुमचं नाव लिहिलंय कागदावर.”

“कशात?”

“नवप्रवर्तकात.” मग त्यांचा चेहरा पाहून म्हणालो, “खटपट्यांत.”

“मग ठीक हाय,” अण्णा म्हणाले. “उद्या बीडला कॉलेजात चाललास न्हवं? ही पास तडकलीय. जाताना वेल्डिंगवाल्याकडं टाक, आन् त्याला सांग, टाका आतल्या अंगानं मार म्हणावं. बाहेरून मारला की माती धरती.”